कोयता, पडाव आणि धर्मग्राम
स्थलांतर व विकास यांविषयीच्या दोन भूमिकांची समीक्षा

स्थलांतर ही दारिद्र्यातून वर चढण्याची पायरी आहे, की दारिद्र्यच एका गावातून दुसऱ्या गावी नेणारी वाट आहे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी मात्र तो आपला प्रश्न म्हणून फारसा हाती घेतलेला नाही. वास्तविक सुरत जिल्ह्यात सेवा करणाऱ्याला त्याकडे डोळेझाक करणे शक्य नाही. दिवाळी सरताच नंदुरबार, नवापूर, साक्री या बाजूंनी मालमोटारी भरून माणसे बारडोली, मढी, व्यारा या ऊसपट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्याच्या भरात परत जातात. या प्रसंगाचा अर्थ लावणाऱ्या दोन परस्परविरोधी भूमिका येथे तपासून पाहण्याचा विचार आहे. पहिली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालाची. दुसरी यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९८५ व १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांची. हे दोन्ही ग्रंथ दक्षिण गुजरातच्या मजुरांवरच आहेत. शेवटी या दोहोंच्या प्रकाशात आपल्या स्वतःच्या धर्मसेवेचीही समीक्षा करणे प्राप्त आहे.

१. आशावादी भूमिका

२००९ चा अहवाल मानवी गतिशीलता व विकास या विषयाला वाहिलेला आहे. त्याचा मुख्य सिद्धान्त असा की, माणसाला आपले राहण्याचे ठिकाण निवडता येणे हा स्वातंत्र्याचाच एक भाग आहे आणि स्थलांतर करणाऱ्यांचे उत्पन्न, आरोग्य व त्यांच्या मुलांचे शिक्षण ही बहुधा सुधारतात. जगात देशांतर्गत स्थलांतर करणाऱ्यांची संख्या सुमारे ७४ कोटी असून ती देशाबाहेर जाणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट आहे, असा या अहवालाचा अंदाज होता. परदेशगमन म्हणजेच स्थलांतर असे समजणाऱ्यांचे डोळे उघडण्याचे काम एवढ्या एका आकड्याने केले, हे या अहवालाचे श्रेय मान्य केले पाहिजे.

या आशावादाची मुळे जुनी आहेत. १९५४ साली आर्थर लुईस यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार शेतीतील अतिरिक्त श्रमिक उद्योगाकडे वळतो, उद्योग वाढतो आणि कालांतराने श्रमिकाचे वेतनही वाढते. सुरत शहराकडे पाहिले तर हा सिद्धान्त खरा ठरला असे वाटावे. १९६१ च्या जनगणनेत २ लाख ८८ हजार लोकसंख्या असलेले हे शहर २०११ मध्ये ४४ लाखांच्या पलीकडे गेले. ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांची आहे. तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशातून आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. एके काळी मागावर किंवा रंगाई-छपाईच्या कारखान्यात राबणाऱ्या खानदेशी माणसाचा मुलगा आज शिक्षक, दुकानदार वा नगरसेवक झालेला दिसतो. ही प्रगती नाकारणे हा सत्याचा अपलाप होईल.

परंतु अहवालाची ही भूमिका एका गृहीतावर उभी आहे: जो निघाला तो कोठे तरी पोहोचला. 'पोहोचणे' हीच गोष्ट ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याच्याविषयी हे चित्र फारसे बोलत नाही. वर्षातून सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असणारा माणूस सरासरीच्या हिशेबात नीट बसत नाही आणि जनगणनेच्या प्रश्नांतही पुरता सापडत नाही. ब्रेमन यांचे काम नेमके येथे सुरू होते.

२. ब्रेमन यांचे निदान

ब्रेमन १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरातमध्ये प्रथम आले व पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांच्या आरंभीच्या अभ्यासाचा विषय हळीप्रथा, म्हणजे अनाविल जमीनदार आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरी राबणारे दुबळा, ज्यांना पुढे हळपती म्हटले गेले, यांचे संबंध, हा होता. त्या अभ्यासातून त्यांना दिसलेली गोष्ट विलक्षण आहे. जुने दास्य मोडले, पण त्याच्या जागी मोकळा, स्वतःच्या श्रमाचा भाव ठरविणारा मजूर उभा राहिला नाही. उभा राहिला तो ठिकठिकाणी फिरविला जाणारा मजूर.

ऊसतोडीचे उदाहरण या निदानाचा गाभा आहे. काक्रापार व उकाई येथे तापीचे पाणी अडविले गेले, कालवे निघाले, ऊस आला, आणि सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ज्या बारडोलीने १९२८ साली अन्याय्य सारावाढीविरुद्ध सत्याग्रह केला, तीच बारडोली सहकाराचे प्रतीक बनली. मात्र या सहकारात सभासद म्हणजे उसाचा मालक; ऊस तोडणारा तिचा सभासद नव्हे. उकाई धरणाच्या जलाशयात त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील काही आदिवासी गावांच्याही जमिनी गेल्या, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. ज्या पाण्याने एकाचे शेत बुडविले, त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडावयास त्याच भागातील माणसे येतात.

या धंद्यात माणसाचे नावही राहत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; मुकादमाच्या वहीत नोंद होते ती कोयत्याची. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती फेडण्यासाठी हंगामात पडावावर जावयाचे, हंगामात खावटी म्हणून धान्य व थोडी रोकड घ्यावयाची, आणि अखेरीस टनांच्या हिशेबातून उचल, तिचे व्याज व खावटी वजा जाऊन हाती येईल ते घेऊन परतावयाचे. हातात काही उरले तर पावसाळा निघतो. न उरले तर पुढच्या हंगामाची उचल. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा व आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. परंतु उचलीच्या वहीला त्यांचा धाक फार क्वचित वाटला.

ब्रेमन यांच्या विवेचनातील सर्वांत मर्मग्राही मुद्दा मात्र याहून वेगळा आहे. बारडोलीच्या परिसरात काम मागणारे हळपती मजूर पूर्वीपासून आहेतच. मग खानदेशातून माणसे का आणली जातात? आणि येथील हळपती वीटभट्ट्यांवर व मिठागरांवर दूर का जातात? याचे उत्तर असे की, परक्या मुलखातील माणूस रात्री-अपरात्री कामाला जुंपता येतो, तो मुकादमाच्या कर्जात बांधलेला असतो, त्याला गावात आप्त नसतात, आणि हंगाम संपताच तो निघून जातो. म्हणजे हे स्थलांतर केवळ दारिद्र्याने ढकललेले नाही. ते घडवून आणलेले आहे. दोन ठिकाणचे गरीब एकमेकांच्या दारावरून जातात आणि दोघांचेही वेतन खाली राहते. लुईस यांच्या सिद्धान्तातील सरळ रेषेचे येथे वर्तुळ होते.

३. ब्रेमन यांच्या मर्यादा

इतके मान्य करूनही ब्रेमन यांच्या ग्रंथांविषयी काही आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, त्यांच्या लेखनात रचना स्पष्ट दिसते, पण माणसाचा संकल्प अंधूक राहतो. पडावावरच्या बाईला विचारले तर ती सांगते की यंदा घरावर पत्रे टाकावयाचे आहेत, किंवा धाकट्या नणंदेचे लग्न आहे. ही उद्दिष्टे लहान असतील; तथापि ती तिची आहेत. तिला केवळ ओढून नेलेली म्हणणे हा तिच्यावर केलेला आणखी एक अन्याय होय. दुसरे असे की, कोयत्यातील निम्मी मजूर स्त्री असून हिशेब पुरुषाशी होतो, या गोष्टीचा निर्देश येऊनही स्त्रीचा स्वतःचा आवाज त्या प्रमाणात ऐकू येत नाही. तिसरे, मजुराच्या जीवनातील देवधर्म, सण, गाणे, प्रार्थना यांना या विवेचनात जवळजवळ स्थानच नाही. जो माणूस आपल्या झोपडीच्या कोपऱ्यात क्रूस टांगतो किंवा आपल्या कुलदैवताचे नाव घेतो, तो त्या कृतीने स्वतःला कोयत्याहून अधिक काही म्हणवून घेत असतो. ते न दिसणे ही दृष्टीची उणीव आहे.

चौथा आक्षेप अधिक महत्त्वाचा. या ग्रंथांतून सुटकेची वाट फार थोडी दिसते, आणि वाचक हताश होतो. तथापि पुढे ऊसतोड मजूर संघटित होऊ लागले, मागण्या मांडू लागले, आणि २०२३ साली गुजरात शासनाने ऊसतोडीचा किमान दर टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये, म्हणजे दुप्पट, जाहीर केला. दर जाहीर होणे व तो हाती पडणे यांत अंतर असते, हे खरे. परंतु वर्तुळ कोठेच मोडत नाही असे म्हणता येत नाही.

४. आरोग्याची कसोटी

दोन्ही भूमिकांची खरी परीक्षा आरोग्याच्या प्रश्नावर होते. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा लक्षावधी लोकांनी शहर सोडले. पुराने साचलेली घाण, पाण्याची व निचऱ्याची सोय नसलेल्या वस्त्या आणि त्यांत दाटीने राहणारे बाहेरगावचे मजूर, हे चित्र त्या वेळी देशाने पाहिले. पुढच्याच वर्षी महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत शहराने स्वच्छतेचा कायापालट घडविला. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. रोग स्थलांतरिताने आणलेला नसतो, तर त्याला ज्या जागी राहावे लागते ती जागा रोग वाढविते. आणि ही स्थिती मनुष्याच्या प्रयत्नाने बदलता येते.

मात्र शहर स्वच्छ झाले म्हणून पडाव स्वच्छ झाला नाही. पाचट व प्लास्टिकच्या झोपड्या, शेताच्या कडेचे पाणी, आडोशाचा अभाव, ही पडावाची लक्षणे आहेत. क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तेवढाच. गावी औषध सुरू झालेला रुग्ण दिवाळीनंतर निघून जातो. उपचार एका ठिकाणाहून दुसरीकडे लावून घेण्याची सोय कागदावर आहे, परंतु दर काही दिवसांनी शेत बदलणाऱ्या पडावापर्यंत ती पोहोचविणार कोण? बालकांच्या लसीकरणाचे व गर्भवतीच्या तपासणीचेही तेच. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने केली, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामात खंड पडला तर दंड, ही भीती शरीरापर्यंत कशी पोहोचते, याचा हा पुरावा आहे. सरासरी उत्पन्न वाढले म्हणून या शरीरांची झीज वजाबाकीत येत नाही. येथे आशावादी अहवालापेक्षा ब्रेमन खरे ठरतात.

२०२० च्या टाळेबंदीत सुरतेतील माग थांबले आणि हजारो मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. २०२१ च्या जानेवारीत कोसंब्याजवळ रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर मालमोटार चढून १५ जण मृत्युमुखी पडले; त्यांतील बहुतेक राजस्थानातील बांसवाड्याकडचे होते. शहर ज्यांच्या बळावर उभे आहे, त्यांना निजावयास जागा नव्हती, एवढाच याचा अर्थ.

५. शास्त्राचा मापदंड

पवित्र शास्त्र या दोन्ही भूमिकांपुढे एक तिसरा मापदंड ठेवते. देवाच्या प्रजेचा श्रद्धाकबुलीजबाबच मुळी भटक्या पूर्वजाच्या स्मरणाने सुरू होतो (अनुवाद २६:५). उपऱ्याला छळू नये याचे कारण नियमशास्त्र दयेत शोधीत नाही. इस्राएल स्वतः मिसरात उपरा होता, या स्मृतीत शोधते (लेवीय १९:३३-३४).

परंतु आपण प्रवचनात बहुधा येथेच थांबतो. पुढचे वचन अधिक टोचणारे आहे. गरीब मजूर, मग तो स्वकीय असो वा उपरा, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दिली पाहिजे. कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो (अनुवाद २४:१४-१५). हा उपदेश नसून वेतन देण्याच्या वेळेविषयीचा नियम आहे. आपल्या ऊसपट्ट्यात सूर्य सहा महिने मावळत नाही! हंगामाअखेरच्या हिशेबापर्यंत मजुरी अडून राहते आणि मजूर आपल्याच घामाचे पैसे व्याजाने उचलून खातो. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी सेनाधीश परमेश्वराच्या कानी ओरडते असे याकोब लिहितो (५:४), तेव्हा तो अलंकारिक बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडेही (मत्तय २०:१-१६) या दृष्टीने पाहावे. अकराव्या तासाला चौकात उभे असलेले मजूर आळशी म्हणून उभे नव्हते; आम्हांला कोणी कामावर लावले नाही, हे त्यांचे उत्तर होते. ब्रेमन यांचा हळपती तो हाच. आपण हा दाखला कृपेवर पुष्कळदा सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कृपेला संध्याकाळची वेळ आहे, रोख दिनार आहे, आणि शेवटच्या माणसाचे घर त्या दिवशी चालावे ही चिंता आहे. रूथचा ग्रंथही आपण निष्ठेचे उदाहरण म्हणून वाचतो. पण दुष्काळामुळे घर सोडलेल्या कुटुंबाची व परक्या शेतात राबणाऱ्या विधवेची ती कथा आहे. तिला कोणी हात लावू नये अशी ताकीद बवाजाला आपल्या गड्यांना द्यावी लागली, या तपशिलाचा अर्थ पडावावरील कोणत्याही स्त्रीला समजावून सांगावा लागत नाही.

६. आपली स्वतःची समीक्षा

आता शेवटचा व अवघड भाग. 'धर्मग्राम' या शब्दासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द मूळ ग्रीक 'पारोइकिया'वरून आला, आणि त्याचा अर्थ आहे परक्या ठिकाणी उपरा म्हणून राहणे. आरंभीची मंडळी स्वतःला वाटसरूंचा समुदाय समजत असे. आपण मात्र त्याचा अर्थ चतुःसीमा असा केला, आणि मराठीत तर 'ग्राम' जोडून तो पक्का केला. नंदुरबारची कुटुंबे नाशिक धर्मप्रांतातील. बारडोलीचा पडाव बडोदा धर्मप्रांतात. एकीकडच्या नोंदवहीत दिवाळी ते अक्षय तृतीया त्यांच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा पडतो, आणि दुसरीकडच्या नोंदवहीत त्यांचे नावच नसते. मीही असे शेरे मारलेले आहेत. प्रथम ख्रिस्तशरीरग्रहणाच्या तयारीतून एखादे मूल दोन वर्षे गळते, तेव्हा आपण आईबापांच्या श्रद्धेला बोल लावतो. उचलीला लावत नाही.

वस्तुतः धर्मसभेचा कायदा आपल्यापेक्षा पुढे आहे. १९८३ च्या संहितेनुसार एखाद्या धर्मग्रामात वा धर्मप्रांतात निदान तीन महिने राहण्याच्या उद्देशाने आलेल्याला तेथे उपनिवास प्राप्त होतो (कलम १०२), आणि तेथील धर्मगुरू हा त्याचा स्वतःचा धर्मगुरू ठरतो (कलम १०७). शेत बदलत गेल्याने धर्मग्राम निश्चित नसला, तरी तो त्या घडीला जेथे असेल तेथील धर्मगुरू त्याचा. ऊसतोडीचा हंगाम तीन महिन्यांहून मोठा आहे. तेव्हा पडावावरचा कॅथलिक मजूर हा बारडोली-व्यारा भागातील धर्मगुरूचा पाहुणा नव्हे, तो त्याच्या कळपातील आहे. २००४ साली रोमहून निघालेल्या स्थलांतरितांविषयीच्या मार्गदर्शनानेही स्थलांतरिताला स्वीकारणाऱ्या स्थानिक मंडळीवरच ही जबाबदारी ठेवली आहे.

यावरून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. गावच्या धर्मशिक्षकाने निघणाऱ्या कुटुंबांची यादी मुकादमाच्या नावासह दिवाळीपूर्वी पलीकडच्या धर्मगुरूकडे धाडावी. दोन्ही धर्मप्रांतांतील धर्मशिक्षकांनी निदान एकदा एकत्र बसून संस्कारांच्या तयारीचे वर्ष हंगामाप्रमाणे लावावे. औषध सुरू असलेल्या रुग्णाचे कार्ड त्याच यादीसोबत जावे. शक्य असेल तेथे एखाद्या धर्मशिक्षकाने हंगामभर पडावाबरोबरच फिरावे. आणि हिशेबाच्या दिवशी, ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याच्या शेजारी, वाचता येणारा एक माणूस बसलेला असावा. तो मजूर ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारण्याचे कारण नाही, कारण बहुतेक नसतात आणि शास्त्राने उपऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

स्थलांतर हे वरदान की शाप, या मूळ प्रश्नाला एक उत्तर नाही, असे या समीक्षेअंती म्हणावे लागते. लिंबायतच्या कुटुंबाला ते वाट ठरले, पडावावरच्या कुटुंबाला फेरा ठरले. या दोहोंतला भेद माणसाच्या उद्योगीपणात नाही. मजुरी कधी मिळते, कर्ज कोणाचे आहे, आजारी पडल्यावर कोण विचारतो, आणि जेथे राहतो तेथे त्याचे नाव कोणाच्या वहीत आहे, यात तो आहे. यांतील शेवटची गोष्ट तरी सर्वस्वी आपल्या हातची आहे. पुढच्या दिवाळीपूर्वी आपण आपल्या वह्या उघडून पाहाव्यात.